वानरं चढत नाहीत त्या झाडाचं नाव

मोठे माय, सगळ्यात पहिले कोण आलं असेल, सांग. कोतवालीन. पाहुण्यायची जीप अजून नाल्यापलीकडं धूळ उडवत होती अन् ही बाई आमच्या ओसरीवर पाय लांब करून बसलीही होती. "मले तं कोणी बलावलं नाही बाप्पा," म्हणे, "पण म्हटलं एवढी साखर आणली तं माह्यासाठी एक कप होईनच." तू ओळखत होती ती कोतवालीन नाही, ती तर तुझ्या मागोमागच गेली. ही तिची सून, आपल्या समोरच्या घरची, माझ्याच जोडीची. तोंडात दात नाही उरला, पण आम्ही दुकानातून काय आणलं हे तिले माझ्या सुनेच्या आधी माहीत असते. तिच्या मागून जंगलखात्याचा नाकेदार आला फटफटीवर, अन् मग जीप. मी दिवाळीचं पातळ नेसून दारात उभी. हौ, दिवाळी होऊन गेली तरी नेसली. सून म्हणे, "आई, ते झाड पाहाले येऊन राह्यले, पोरगी पाहाले नाही." मी म्हटलं, आपल्या दारी आजवर पोरगी पाहाले ढीगभर आले, झाड पाहाले कोण आलं होतं? इतका आनंद मले नातीच्या बारशालेही झाला नसेल. त्या आनंदाचीच आता लाज येऊन राह्यली आहे, म्हणून हे लिहायले बसली.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी अशीच वाहावत जाते. परसातलं ते काटेरी झाड. हौ, तेच. अजून उभं आहे. तुझ्या वेळी कौलाच्या बरोबरीचं होतं, आता आपल्या घराच्या दुप्पट. माझ्या पोराले ट्रॅक्टर ठेवाले टीन टाकायचं होतं, त्याच्या मधात ते येते. तोडायचं तर उगाच कोणी तक्रार करू नये म्हणून त्यानं नाकेदाराले बोलावलं. नाकेदार आला, झाडाभोवती फिरला, पान तोडून पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला अन् कॉलेजातल्या कोण्या मॅडमले पाठवला. संध्याकाळपर्यंत मॅडमचा फोन. झाडाले हात लावू नका, मी येते. असं झाड म्हणे खाली मैदानात कुठं नाहीच, बैहरच्या वरच्या जंगलात कुठं एखादं. पोरगा माझा, जो काल कुऱ्हाडीले धार लावत होता, तो आज गावभर सांगत फिरून राह्यला, "आमच्या घरचं झाड दुर्मिळ आहे." आता त्या झाडावर पाटी लागणार आहे. पत्र्याची, रंगवलेली. अन् त्या पाटीवर आपल्या बोलीतलं कोणतं नाव लिहायचं, हे ह्या मंगळवारच्या आत मले ठरवायचं आहे. बाकी सगळ्या गोष्टी मी इकडतिकडच्या सांगीन, पण तुले लिहायचं कारण तेवढंच.

तुले आठवते ना ते कसं आलं? कोणी लावलं नव्हतं. न्हाणीचं पाणी जिकडं वाहत जाई तिकडं एका पावसाळ्यात काटेच काटे घेऊन उगवलं. तू म्हणायची, मैनेनं आणून टाकलं. मोठा बाबा कुऱ्हाड घेऊन गेला अन् टाचेत काटा घेऊन परत आला. काटा म्हणजे साधा नाही, काट्यालेही काटे फुटलेले, बारशिंग्याच्या शिंगासारखे. मी तेव्हा किती असेन, माय मेल्यावर तुझ्या अन् मोठ्या बाबाच्या पदरात आलेली, दुधाचे दात पडत होते. तू त्याची टाच मांडीवर घेऊन बसली आहे, सुई दिव्यावर धरली आहे, अन् एवढा मोठा माणूस लेकरासारखा ओरडून राह्यला आहे. "राहू दे ते झाड," तू म्हणाली, "त्याच्या अंगाले कोणी जात नाही तं ते कोणाच्या अंगाले जात नाही." मोठा बाबा दुखण्याच्या भरात हौ म्हणून गेला, अन् झाड वाचलं.

मग ते वाढलं. पानं जाड, चकचकीत, तेलाचा हात फिरवल्यासारखी, कडेले करवतीचे बारीक दाते. नवी पालवी फुटली की घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखी लाल. चैतात साग उघडा, पळसाले पान नाही, गावात सावली शोधावी लागे, अन् आपलं परस हिरवंगार. मॅडमनं त्याले सदाहरित म्हटलं. मी म्हटलं, हौ, ते कधी नागवं होतच नाही. त्या इतक्या हसल्या की कोतवालीनीले वाटलं मी काही भलतं बोलली. झाड उंच झालं तसे वरच्या फांद्यायचे काटे गेले, फक्त बुंध्याले राहिले, ते मात्र असे की वानरायची टोळी पूर्ण गावाची कौलं फोडते, पेरू ठेवत नाही, सीताफळ ठेवत नाही, पण त्या बुंध्याले हात लावत नाही. हे तुझ्या ध्यानात सगळ्यायच्या आधी आलं. बांबूची आकडी घेऊन तू वरच्या फांद्यायवर बियाणं टांगायची. मक्याची कणसं, वाळलेले दोडके, बियाचा भोपळा शिंक्यात, वालाच्या शेंगायच्या जुड्या. कार्तिकापासून जेठापर्यंत ते झाड असं दिसे जसं काही त्याले एकाच वेळी सगळी फळं लागली.

त्याचं स्वतःचं फळ मात्र एकही नाही. फुलं यायची. दिवाळीच्या आसपास, राईच्या दाण्याएवढी, पिवळट, पाकळ्या नाहीत काही नाहीत, पण मधमाश्या अशा की परसात बोललेलं ऐकू येत नसे. फुलायचा सडा पडे अन् संपलं. एक वर्ष झालं, दुसरं झालं, तिसऱ्या वर्षी विहिरीवरच्या बायायनं त्याले नाव ठेवलं. वांझोटी. कुठं चालली? वांझोटीखाली. बकरी कुठं बांधली? वांझोटीजवळ. आता झाडाले फळ नाही म्हणून ते नाव पडलं का ज्या घरच्या परसात ते होतं त्या घरच्या बाईवरून पडलं, हे मले आजही सांगता येत नाही. सांगता येत नाही असं लिहिलं खरं. येते. तुले लेकरू नव्हतं, अन् बायायले तुझ्या तोंडावर जे म्हणता येत नव्हतं ते त्यायनं झाडाच्या आडून म्हणून घेतलं.

तू कधी त्या झाडाचं नाव घेतलं नाही. "झाड" म्हणायची, नाहीतर "ते". जसं आपण बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हतो तसं. एकदा मी शाळेतून पळत आली अन् रांधणीच्या दारातूनच ओरडली, "मोठे माय, वांझोटीले फुलं आली वं!" तू चुलीपुढं होती, तांदळाची भाकर थापत होती, चुलीवर लाखोळीची डाळ शिजत होती. तू वर पाहिलं नाही. म्हणाली, "जा, चूळ भरून ये." मले वाटलं बोरं खाऊन तोंड लाल झालं असेल. मी चूळ भरून आली. तू म्हणाली, "अजून एकदा." मी पुन्हा भरून आली. मग तू गरम भाकर दिली, वरून तेल-मीठ. मले काही समजलं नाही, मी भाकर खाल्ली. समजलं केव्हा? लग्न होऊन, दोन लेकरं झाल्यावर. समजल्यावर तुझ्याजवळ येऊन काही म्हटलं का? नाही. ते नाव टाकून दिलं का? तेही नाही. पूर्ण गाव म्हणत होतं, मीही म्हणत राहिली, जसं चुलीले चूल म्हणतो. तू गेल्यावर मी लेकरं घेऊन इथंच राहाले आली, इतके वर्ष झाले, तुझं घर, तुझी शेती, तुझं परस मी सांभाळून राह्यली, माझी माय मेल्यावर तूच मले वाढवलं हे मी सगळ्यायले सांगते, अन् रोज सकाळी उठून सुनेले म्हणते, वांझोटीखालचं झाडून घे.

अन् त्याच बाया! धानाच्या रोवणीची पहिली मूठ तुझ्या हातानं लावू देत नव्हत्या. डोहाळजेवणाले तुले बोलावणं नाही, पाळण्याले हात नाही, ओटी भराले तर दुरूनच रामराम. पण जेठ सरत आला की पदर पुढं करून परसात उभ्या. "काकू, दोडक्याचं बी आहे का?" "वहिनी, औंदा आमचा भोपळा किडला, मूठभर द्या." अन् तू आकडी घेऊन काढून देत होती, फुंकर मारून, पोचट बी निवडून, पदरात टाकत होती. मी तुले एकदा विचारलं होतं, काहून देतं वं त्यायले? तू म्हणाली, "बी घरात ठेवलं तं म्हातारं होते." एवढंच. माझ्या लग्नातही तू मले दागिना नाही दिला, वालाचं बी दिलं लाल कपड्यात बांधून, अन् मी सासरच्या बायायपुढं ते लपवलं. बी कोण देते लग्नात? आता माझ्या चारही लेकरायच्या घरी तोच वाल आहे.

धाकटीचं सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. तुले माहीत आहे, पण मले लिहू दे, मी आजवर कधी ते सरळ ओळीत मांडलंच नाही. मोठ्या बाबानं तुझ्यावर दुसरी केली. तूच तिले हळद लावली, तूच तिची न्हाणी भरली. दोन सुग्या ती आपल्या घरी राहिली, तिलेही काही झालं नाही. मग ती माहेरी गेली ती आलीच नाही, तिच्या भावानं तिले गोंदियाकडच्या कोण्या माणसाशी पाट लावून दिला. अन् मग ती एकदा दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेले आली होती. कडेवर एक, बोटाले धरून एक, अन् पोटात एक. पूर्ण गावानं पाहिलं. मी पाहिलं, तेव्हा मी बऱ्यापैकी मोठी होती. ती तुझ्या पाया पडली, तू तिच्या पोरायच्या हातात लाह्या-बत्तासे दिले. अन् घरी येता येता बाया काय म्हणत होत्या ठाऊक आहे? "मोठीची सावली सुटली म्हणून तिची कूस उजवली." मी ते ऐकलं अन् मले तेच खरं वाटलं. मोठे माय, मी तुझ्या मांडीवर झोपणारी पोरगी, मलेही तेच खरं वाटलं.

आता परवाच्या गुरुवारचं ऐक. जीपमधून मॅडम उतरल्या, नागपूरकडच्या, मराठी बोलतात, चष्म्याले दोरी. दोन कॉलेजच्या पोरी सोबत. चहा नको, पाणी नको, सरळ परसात. मी मागं मागं, पातळ सावरत. त्या झाडाशी अशा बोलल्या जशी माहेरची भेटली. पान उलटं करून पाहिलं, काटा मापला, बुंध्याले दोरी लावली, पोरीयले दाखवलं, "पाहा, काटे खाली, वर नाहीत. लहानपणी जनावरं खातात म्हणून झाड काटे ठेवतं, तोंड पोचत नाही तिथं कशाला ठेवेल?" मी सगळ्यायच्या मधात उभी राहून मान हलवत होती, जसं मीच ते शिकवलं. एका पोरीनं माझा फोटो काढला. मग तिनं वही उघडून विचारलं, "दादी, इस पेड़ को यहाँ क्या बोलते हैं?"

मी थांबली. म्हटलं तर किती सोपं होतं, जीभ रोज तेच म्हणते. पण त्या पोरीपुढं, शहरातल्या मॅडमपुढं, कसं म्हणू? अन् मोठे माय, माझ्या तोंडून निघालं, "मोठीमाय."

"मोठी माय!" मॅडम खूश झाल्या. "किती सुंदर नाव. का बरं असं म्हणतात?"

"सगळ्या गावाले बियाणं तिथूनच जाते म्हणून," मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं. पोरीनं लिहून घेतलं. मले वाटलं मी मोठी हुशार.

"काय वं खोटं बोलतं?" कोतवालीन ओसरीवरून उठून आलती, बशीत चहा घेऊन. "वांझोटी म्हणतेत मॅडम ह्याले. कोणालेही विचारा. ह्या बुढीले आज फोटो काढला तं शायनिंग सुचली."

नाकेदार हसला. माझा पोरगाही म्हणे, "हौ मॅडम, वांझोटीच म्हणते आई पण." मॅडमनं विचारलं, "वांझोटी का?" अन् कोतवालीननं सांगितलं, "फूल येते गाडीभर, फळ नाही फुटकं. जनमाची वांझ."

मॅडम झाडाजवळ गेल्या. फुलाचा एक झुबका तोडला, खिशातून भिंग काढलं, पाहिलं. मग मले जवळ बोलावलं, भिंग माझ्या डोळ्यापुढं धरलं. आत नुसते केस, पिवळे पिवळे, टोकाले राखेसारखी भुकटी. "आजी, हे पुंकेसर. मधे बीजकोश असायला हवा, तो नाहीच. ह्या जातीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, पपईत असतं ना तसं. हे नर झाड आहे. ह्याला फळ लागणारच नाही, कधीच. ह्यात झाडाचा काही दोष नाही."

पपई! मोठे माय, पपईचा नर आपण लांबून ओळखतो. लांब दांड्याले फुलं लोंबली की उपटून फेकतो. तू स्वतः मले शिकवलं होतं. अन् हे झाड इतक्या वर्षापासून डोळ्यापुढं, कोण्या एकाच्या डोक्यात आलं नाही.

कोतवालीननं बशी खाली ठेवली. "अगं माय," म्हणे, "म्हंजे इतके वर्ष आपण गड्याले वांझोटी म्हणून राह्यलो!"

जे हसले सगळे! नाकेदाराच्या डोळ्यात पाणी. कॉलेजच्या पोरी तोंडावर हात ठेवून. सून दारातून. मीही हसली, पोट धरून. अन् हसता हसता पाहते तर कोतवालीन हसून राह्यली नव्हती. ती खाली ठेवलेल्या बशीत टोस्ट बुडवून तसाच धरून बसली होती, टोस्ट गळून बशीत पडला तरी. हळूच म्हणे, "धाकटीले तिकडं तीन झाले होते नाही वं?"

बस. एवढंच म्हणाली. माझ्या पोराले काही समजलं नाही, नाकेदाराले नाही. मले समजलं, अन् कोतवालीनीले. आम्ही दोघीच त्या मंडईच्या उरलेल्या. मोठ्या बाबाच्या दोन बायका, घरात पाळणा नाही. एक बाई घर बदलते अन् तिले तीन. हे गणित चौथीतल्या पोराले सुटलं असतं. मी तर चौथी पास आहे.

मॅडमनं विचारलं, "धाकटी कोण?"

अन् मी म्हटलं, "कोणी नाही मॅडम. जुन्या गोष्टी."

"आणि मोठी माय? खरंच कोणी होत्या का?"

मी म्हटलं, "तेही असंच. जुनं नाव आहे, कोण जाणे कोणाचं."

इथं माझी लाज आहे, मोठे माय. वांझोटी म्हणाली ती नाही, ते तर पूर्ण गाव म्हणालं, माझी लाज गावभर वाटून जाते, माझ्या वाट्याले थोडी येते. पण हे मी एकटीनं केलं, परवाच, चांगलं पातळ नेसून. तुझ्याच परसात, तुझ्याच झाडाखाली उभी राहून म्हटलं, कोण जाणे कोणाचं. मले काय भेव होतं? मोठा बाबा तर कधीचा गेला. घराण्याची अब्रू? कोणतं घराणं, त्याचं नाव घ्यायले कोणी उरलं नाही. मले वाटते मले एवढंच भेव होतं की मॅडम विचारतील, मग तुम्ही काय केलं? अन् पाहुणे आले त्या दिवशी मले फक्त खूश राहायचं होतं.

मॅडम समजदार. दोन्ही नावं लिहून ठेवली. जाताना म्हणाल्या, "पाटीवर एकच येईल. तुम्ही घरचे बसून ठरवा, आम्ही परत येऊ तेव्हा सांगा. फुलं आहेत तोवर यावंच लागेल." वर जंगलात म्हणे एक मादी झाड सापडलं आहे, एकटंच, त्याच्यासाठी ह्याची फुलं न्यायची आहेत. कोतवालीन म्हणे, "वरात काढतेत का?" मॅडम म्हणाल्या, "असंच समजा." आमच्या झाडाची वरात, अन् मी कपबशा गोळा कराले लागली.

रात्री जेवताना पोरगा म्हणे, "वांझोटीच लिहू द्या. गाव तेच म्हणते. मोठीमाय कोण ओळखते आता?" नात वारासिवनीच्या कॉलेजात जाते, ती त्याले म्हणे, "पापा, पेड़ मेल है, वांझोटी कैसे लिखेंगे? लोग हँसेंगे." तिच्यासाठी ते एवढंच आहे, चुकीचं लिहिलं जाईल. मी तिले जवळ बसवलं अन् तुझं सांगितलं, बी सांगितलं, धाकटीचं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणे, "तो दादी, तुमने मैडम को क्यों नहीं बताया?" मी म्हटलं, "उशीर झाला वाटलं." ती म्हणे, "किसके लिए?" ही पोरगी अशीच विचारते. मी तिच्या ताटात भात वाढला.

काल दुपारी मी कोतवालीनीकडं गेली. एवढ्या वर्षात मी तिच्या घरी काही मागाले गेली नव्हती, तीच येते. म्हटलं, "मंगळवारी ते लोक येतीन. तू मोठीमाय म्हणशीन का?"

"मी काहून खोटं बोलू? माह्या सासूनं ठेवलं ते नाव. विहिरीवर पहिले तिच्याच तोंडून निघालं होतं, मी होती तिथं, नुकतीच लग्न होऊन आलती, एवढीशी."

हे मले माहीत नव्हतं. ती ते सांगताना खाली पाहत होती, सुपातले तांदूळ निवडत. मी तिच्या मांडवाकडं पाहिलं. भोपळा चढला आहे कौलापर्यंत, पांढरा, लांब मानेचा, तोच. मी म्हटलं, "हे बी कोणाचं आहे वं?"

"माह्या सासूनं आणलं होतं."

"तिले कोणी दिलं?"

ती तांदूळ निवडत राहिली. खडा नव्हता तरी निवडत. मग म्हणे, "पाहू मंगळवारी. तू म्हणशीन तं मी गप राहीन. पण पहिले तू म्हण. तिची लेक तू होती, मी नाही."

बरोबर आहे तिचं. टोमणा मारते पण बरोबर मारते. म्हणून मी ठरवलं आहे, मॅडम आल्या की झाडाखाली उभी राहून सगळं सांगायचं, मोठ्या बाबाचंही. नातीच्या जुन्या वहीत हे लिहून राह्यली ते त्याचीच तयारी समज. शाळा माझी हिंदीत झाली, मराठी कोणी लिहाले शिकवली नाही, पण अक्षर एकच, बोलते तसं टाकत जाते. तुले तर एकही अक्षर वाचता येत नव्हतं, अन् एक सांगते, येत असतं तर ह्यातलं अर्धंही मी लिहिलं नसतं.

अजून एक. आज सकाळी मी दात घासत होती, नातीची ओढणी झाडावर वाळत होती, ऊन वर आलं होतं. इतकं सगळं झाल्यावर, इतकं लिहिल्यावर, मी आवाज दिला, "पोरी, वांझोटीवरची ओढणी काढ वं, रंग जाईन." ती आली. माझ्याकडं पाहिलं, ओढणी काढून घरात गेली. मंगळवारी येतो म्हणाले आहेत. आज शनिवार आहे.